बहात्तराव्या वर्षी लायसन्स रिन्यू करताना: एका प्रकरणाची पूर्ण हकिकत

प्रकरण माझ्या मामांचं आहे. वय ७२, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी घर. दारात जुनी वॅगन आर आणि तिच्याहून जुनी स्प्लेंडर. लायसन्स पहिल्यांदा काढलं १९८१ साली. आता त्यावर दोन वर्ग आहेत, गिअरची मोटरसायकल आणि हलकं मोटार वाहन, म्हणजे कार. शेत गावाबाहेर आहे, आठवड्यातून तीन-चारदा तिकडे फेरी होते. मधुमेह आहे, गोळ्यांवर. रक्तदाबाची एक गोळी सकाळी, प्रोस्टेटची एक रात्री. औषधांची यादी आत्ताच सांगून ठेवते, पुढे ती कामाला येणार आहे.

मी विम्याचं काम करते. गाड्यांच्या पॉलिसी, नूतनीकरण, क्लेमचे कागद. मामांची पॉलिसी इतकी वर्षं शोरूममधूनच निघायची. गेल्या ऑक्टोबरात मामेभावाने ती माझ्याकडे दिली. गाडीच्या पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, आणि तो द्यायचा तर मालकाकडे चालू लायसन्स असावं लागतं. म्हणून कार्डाचा फोटो मागवला. मामांनी पुढून-मागून दोन्ही पाठवले. मुदत फेब्रुवारी २०२५ मध्ये संपली होती.

फोन केला. "मामा, तुमचं लायसन्स संपलंय."

"संपलं कसं? कोरोनात सगळ्यांना वाढवून दिलंय की."

हा गैरसमज मी बऱ्याच घरांत ऐकला आहे. कोरोनाच्या काळात केंद्राने गाड्यांच्या आणि लायसन्सच्या कागदांना पुन्हा पुन्हा मुदतवाढ दिली, हे खरं. पण ती १ फेब्रुवारी २०२० पासून ज्यांची मुदत संपत होती त्यांच्यासाठी, आणि शेवटची वाढ ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंतच. मामांचं लायसन्स लॉकडाऊनच्या जरा आधी, फेब्रुवारी २०२० मध्येच नवं होऊन आलं होतं. त्या वाढीशी त्याचा काही संबंध नव्हता. दुसरा गैरसमज त्याहून जुना: मुदत संपली तरी महिनाभर चालतं. पूर्वी चालायचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४ मध्ये तशी ३० दिवसांची सवलत होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. आता कार्डावरची तारीख उलटली की दुसऱ्या दिवसापासून तुम्ही विनापरवाना.

त्याच दुरुस्तीने मुदतीची गणितंही बदलली. आधी खासगी लायसन्स २० वर्षांचं किंवा पन्नाशीपर्यंत, जे आधी येईल ते. पन्नाशीनंतर पाच-पाच वर्षं. आता तिशीच्या आत काढलं तर चाळिशीपर्यंत चालतं, तीस ते पन्नासमध्ये दहा वर्षं, पन्नास ते पंचावन्नमध्ये साठीपर्यंत, आणि पंचावन्नच्या पुढे दर वेळी पाच वर्षं. वरची वयोमर्यादा कायद्यात कुठेच नाही. नव्वदीचा माणूसही रिन्यू करू शकतो. आणि मुदतीत अर्ज केला तर गाडी चालवून दाखवायची चाचणीही कुठल्याच वयात नाही.

मामांच्या बाबतीत महत्त्वाचं कलम १५. मुदत संपण्याआधी एक वर्ष ते संपल्यानंतर एक वर्ष, एवढ्या काळात नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. संपल्यानंतरचं वर्ष उलटलं की चाचणी दिल्याशिवाय रिन्यू होत नाही. पूर्वी हे पाच वर्षांपर्यंत चालायचं, त्यामुळे "बघू निवांत" ही सवय अजून लोकांच्या अंगात आहे. आम्हाला कळलं ऑक्टोबरात, वर्ष भरत होतं फेब्रुवारी २०२६ मध्ये. हातात चार महिने होते. मामेभाऊ म्हणाला, आठवड्यात उरकून टाकू.

आठवड्यात उरकलं नाही. त्याला कारण आरटीओ नव्हतं.

मधल्या आठ महिन्यांचं काय

आधी विम्याच्या बाजूने एक गोष्ट स्पष्ट करते, कारण घरात सगळ्यांचा सूर "झालं ते झालं, काही घडलं तर नाही ना" असा होता.

फेब्रुवारी ते ऑक्टोबर मामा गाडी चालवत होते. पोलिसाने अडवलं असतं तर कलम १८१ खाली पाच हजारांचा दंड. तो भरता येतो. अपघात झाला असता तर प्रकरण वेगळं. पॉलिसीची अटच आहे की चालवणाऱ्याकडे अपघाताच्या वेळी वैध लायसन्स हवं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम तिथेच अडकतो. समोरच्याला इजा झाली तर मोटार अपघात न्यायाधिकरण जखमी माणसाला सहसा वाऱ्यावर सोडत नाही. नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्णसिंग या २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही सगळी वाट नीट आखून दिली आहे: अटभंग झाला, आणि त्यात मालकाची चूक होती, हे कंपनीने सिद्ध करायचं, आणि बऱ्याच प्रकरणांत कंपनीने आधी भरपाई भरायची, मग मालकाकडून वसूल करायची. ड्रायव्हर ठेवलेला मालक निदान म्हणू शकतो की मी त्याचं लायसन्स बघून घेतलं होतं. मामा स्वतःच मालक, स्वतःच चालक. त्यांना ते म्हणायला जागाच नव्हती. वसुली आली असती ती शेतावर.

मामांना दंडाचं काही वाटलं नाही, वसुलीचं वाटलं. गाडीची किल्ली त्यांनी त्याच दिवशी मामेभावाकडे दिली.

फॉर्म १-ए

चाळिशीनंतर रिन्यू करताना अर्जाला डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, तो फॉर्म १-ए. त्याच्यासोबत फॉर्म १ असतो, तो अर्जदाराने स्वतः भरायचा: मला फिट येतात का, एकाएकी शुद्ध हरपते का, चक्कर येते का, चांगल्या उजेडात २५ मीटरवरून, चष्मा असेल तर तो लावून, प्रत्येक डोळ्याने मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का, लाल आणि हिरवा ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, हॉर्न ऐकू येतो का, हातापायात जोर कमी आहे का. प्रश्न मोजकेच आहेत, साधे आहेत, आणि नेमके आहेत. बहुतेक ठिकाणी हा फॉर्म कसा भरला जातो हे सांगायला नको. सायबर कॅफेवाला 'नाही, हो, नाही, हो' अशी ओळ मारतो, खाली सही.

आम्ही तो घरीच, संध्याकाळी चहाच्या वेळी वाचला. २५ मीटरच्या प्रश्नावर मामा म्हणाले, वाचतो की. मामेभावाने शेताच्या मोजणीची टेप आणली. आजही खात्यातल्यासारखी गुंडाळून ठेवलेली असते ती. अंगणातून रस्त्यापर्यंत २५ मीटर मोजले आणि मामांना टोकाला उभं केलं. समोर त्यांचीच वॅगन आर. घडाघडा वाचला नंबर.

"स्वतःच्या गाडीचा पाठ असतोच," मामी ओट्यावरून म्हणाल्या.

मग शेजाऱ्यांचा टेम्पो घेतला. दोन्ही डोळ्यांनी वाचला, शेवटच्या दोन आकड्यांशी जरा थांबून. डावा डोळा उघडा ठेवून वाचला. उजवा उघडा ठेवून, डावा हाताने झाकून बघितलं आणि मामा काही बोलले नाहीत. पांढरी पाटी दिसते म्हणाले. आकडे? "आकडे आहेत ते कळतंय."

गावातले आमचे नेहमीचे डॉक्टर आयुर्वेदाचे. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की माझी सही इथे चालणार नाही. आरटीओकडे नोंदणी केलेला एमबीबीएस डॉक्टर लागतो, तो आपल्या लॉगिनमधून प्रमाणपत्र थेट सारथी पोर्टलवर, म्हणजे लायसन्सच्या सरकारी संकेतस्थळावर, चढवतो. म्हणून तालुक्यातल्या फिजिशियनकडे गेलो. त्यांनी फॉर्म बाजूला ठेवला, प्रिस्क्रिप्शन वाचलं आणि एक-एक विचारायला लागले. मधुमेहाच्या गोळीने कधी घाम सुटून थरथरायला होतं का? जेवण चुकवून गाडी चालवता का? रात्रीच्या प्रोस्टेटच्या गोळीनंतर उठताना डोळ्यापुढे अंधारी येते का? मामांनी तिन्हीला मान हलवली, नाही म्हणून. चौथा प्रश्न होता, अंधार पडल्यावर गाडी चालवताना काही त्रास?

"नाही. समोरून गाडी आली की दिव्याभोवती फुलबाजी दिसते, तेवढंच. हल्ली लोक एलईडी टाकतात ना."

मामी इतका वेळ गप्प होत्या. म्हणाल्या, "मार्चात ट्रॉली दिसली नव्हती तुम्हाला. मी ओरडले म्हणून ब्रेक मारलात."

हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. ज्यांनी ऊसपट्ट्यात तिन्हीसांजेला गाडी चालवली आहे त्यांना जास्त सांगायला नको. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, बाहेर लोंबणारं वाडं (उसाचे शेंडे), आणि समोरून दुसऱ्या ट्रॅक्टरचे वर मारलेले दिवे. तरण्या डोळ्यांनाही ती मागची ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. आणि मार्च म्हणजे लायसन्स संपून महिना झाला होता. माझ्या डोक्यात आधी तोच हिशेब आला. धंद्याची सवय.

फिजिशियनने फॉर्मवर सही केली नाही. नेत्रतज्ज्ञाकडे पाठवलं आणि म्हणाले, तिकडचा कागद घेऊन या, मग मी करतो. मला वाटतं या सगळ्या प्रकरणात सगळ्यात मोलाचं काम या न केलेल्या सहीने केलं. तासाभरात चार जणांना 'फिट' लिहून देणं कुणालाही सोपं असतं, आणि घरच्यांनाही तेच हवं असतं.

डोळा आधी की अर्ज आधी

नेत्रतज्ज्ञाने डोळ्यात थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या. (त्या दिवशी परत येताना स्वतः गाडी चालवायची नसते. थेंबांचा अंमल काही तास राहतो, उन्हात डोळे उघडवत नाहीत. ज्येष्ठांना एकटं पाठवू नका.) उजव्या डोळ्यात मोतीबिंदू चांगलाच पिकलेला, चष्म्यासकट ६/३६ (म्हणजे चांगल्या नजरेला ३६ मीटरवरून दिसतं ते यांना ६ मीटरवरून). डावा ६/१२, तिथेही सुरुवात. दिव्याभोवतीची फुलबाजी त्यातलीच: भिंग गढूळ झालं की आत येणारा प्रकाश विखुरतो, आणि रात्री समोरचा एकच झगझगीत दिवा आजूबाजूचं सगळं पुसून टाकतो. दिवसा उजेडी तोच माणूस टेम्पोचा नंबर वाचतो, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. दुसरा डोळा काम भागवत असतो.

औषधं विचारताना त्यांनी प्रोस्टेटच्या गोळीचं नाव पुन्हा विचारून लिहून घेतलं. या जातीच्या काही गोळ्यांनी बाहुलीभोवतीचा पडदा शस्त्रक्रियेत सैल पडतो, सर्जनला आधी माहीत असलं तर तो तयारीने उतरतो. गोळी बंद करूनही हा परिणाम लगेच जात नाही, म्हणून सांगणं महत्त्वाचं. पुरुष मंडळी नेमकी हीच गोळी सांगत नाहीत, लाजेपायी. मामांनीही आधी "बीपी-शुगरच्या, बाकी काही नाही" असंच सांगितलं होतं.

आता घरात दोन तट पडले. मामेभावाचं म्हणणं, अर्ज आत्ताच टाकू. दोन्ही डोळ्यांनी मिळून दिसतंय, कुणीतरी सही देईलच. ऑपरेशन मग सावकाश. त्याची भीती खोटी नव्हती. शस्त्रक्रियेनंतर थेंब चार-सहा आठवडे चालतात, चष्म्याचा कायमचा नंबर साधारण महिन्याने काढतात. मध्ये दिवाळी. काही अडलं तर फेब्रुवारी उलटेल आणि बहात्तराव्या वर्षी मामांना चाचणी द्यावी लागेल. आरटीओच्या ट्रॅकवर अठरा-वीस वर्षांच्या पोरांच्या रांगेत मामा, हे चित्र त्याला सहन होत नव्हतं.

मामांचं म्हणणं उलटं, आणि ते त्यांनी एकदाच मांडलं. फॉर्मवर लिहिलंय प्रत्येक डोळ्याने. खोटं लिहून सही करायची तर ती मी आयुष्यभर एम.बी.वर पण करू शकलो असतो. (एम.बी. म्हणजे मेजरमेंट बुक. झालेल्या कामाची मापं ज्यात भरतात आणि ज्यावर बिलं निघतात ते. खात्यातल्या माणसाला त्याहून मोठी शपथ नाही.)

मी दोघांच्या मधली वाट सुचवली ती कॅलेंडर बघून. दिवाळीनंतर लगेच शस्त्रक्रिया, डिसेंबरात चष्मा, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अर्ज. मुदत संपेपर्यंत पाच-सहा आठवड्यांची सवड राहत होती. तोवर गाडी बंद, शेतावर मामेभाऊ नेईल नाहीतर वडापची जीप. ठरलं तसं झालं. भिंग बसवलं, त्याच दिवशी घरी आले, थेंबांचं वेळापत्रक मामींनी स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलं. डिसेंबरात नव्या चष्म्याने उजवा डोळा ६/९ झाला. टेम्पोचा नंबर पुन्हा वाचून झाला. गंमत म्हणजे आता उजवाच चांगला दिसतो आणि डाव्याची तक्रार सुरू झाली आहे.

फिजिशियनने तेव्हा फॉर्म १-ए केला. तोंडी दोन अटी घातल्या: उपाशी पोटी गाडीत बसायचं नाही आणि डॅशबोर्डात गोळ्या-बिस्किटं ठेवायची.

कागद

हा भाग जितका धसका घेतला होता तितका जड नाही, पण एक गाठ होती.

३ मार्च २०२१ ला केंद्राने १८ सेवा घरबसल्या, आधारच्या आधारे देण्याची अधिसूचना काढली. ज्या नूतनीकरणाला चाचणी लागत नाही ते त्यात आहे. पोर्टलवर लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकायची, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी द्यायचा, आणि आधारवरचे तपशील लायसन्सशी जुळले तर आरटीओत जावंच लागत नाही. मामांचे जुळले नाहीत. लायसन्सवर आडनाव आधी आणि वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर, जुन्या सरकारी पद्धतीने. आधारवर पूर्ण नाव सरळ क्रमाने. त्यांच्या पिढीत हे घरोघरी आहे. जन्मतारीख मात्र सगळीकडे एकच, १ जून १९५३. ती शाळेत मास्तरांनी लावलेली, खरी श्रावणातली. पण सगळ्या कागदांवर तीच असल्यामुळे निभावलं.

मग आधार ओटीपीची वाट सोडून दुसरी घेतली: कागद अपलोड करायचे, फी भरायची, वेळ घ्यायची, आरटीओत जाऊन फोटो आणि सही द्यायची. त्याच अर्जात पत्ता बदलाची सेवाही जोडली. लायसन्सवर अजून पाटबंधारे कॉलनीतल्या क्वार्टरचा पत्ता होता आणि कार्ड स्पीड पोस्टाने लायसन्सवरच्या पत्त्यावर येतं. पत्ता न बदलता रिन्यू केलेली कार्डं परत गेल्याची उदाहरणं माझ्या गिऱ्हाइकांत आहेत. फीचं म्हणाल तर केंद्रीय नियमांच्या तक्त्यात नूतनीकरणाला २०० रुपये, स्मार्ट कार्डाला २००, पत्ता बदलाला वेगळे. उशीर झाला असेल तर नूतनीकरणाचे ३०० आणि शिवाय उशिराच्या वर्षाला किंवा त्याच्या भागाला हजार रुपये जादा आकारण्याची तरतूद आहे. पोर्टल स्वतःच बेरीज करून दाखवतं.

पोर्टल उघडताना एक काळजी घ्यावी. पत्ता परिवहन डॉट गव्ह डॉट इन हाच. त्याच्यासारखी दिसणारी, फी घेऊन 'सर्व्हिस चार्ज' लावणारी खासगी संकेतस्थळं शोधात वर येतात. आणि आरटीओच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाईल (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) आली तर ती उघडायची नाही, लायसन्सबद्दल असो की चलनाबद्दल. त्यातून फोनमधलं बँकेचं सगळं जातं. मामांना तशी एक आली होती. त्यांनी ती उघडली नाही ती हुशारीने नव्हे, चष्मा सापडला नाही म्हणून.

आरटीओच्या फाटकाशी एजंट भेटले. "काका, मेडिकलसकट करून देतो, डॉक्टरकडे जायचं काम नाही." एजंटांबद्दल माझं मत सरसकट वाईट नाही. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, मुलं मुंबई-पुण्याला आहेत, त्याने अर्ज भरून घ्यायला पैसे दिले तर त्यात गैर काय? महा ई-सेवा केंद्रातही ते काम होतं. पण 'मेडिकलसकट' या शब्दाला मात्र माझा विरोध आहे. बाकीचे सगळे कागद माणूस कोण हे सांगतात. त्याला दिसतं का, हे विचारणारा कागद तेवढा एकच.

आत फारसा वेळ गेला नाही. मूळ लायसन्स, आधार, पॅन आणि अर्जाची प्रिंट पाहिली. नावाच्या क्रमाबद्दल खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, पॅन बघून मान्य केलं. नाव लायसन्सवर होतं तसंच राहिलं. फोटो झाला. सहीच्या पॅडवर मात्र मामांची सही काही केल्या उमटेना, पेन टेकवण्याआधीच ते लांबलचक शेपूट ओढायचे. शेवटी बाईंनी त्यांचा हात न धरता नुसतं सांगितलं, "आजोबा, हळू. शाई नाहीये त्यात." मग जमलं.

मंजुरीचा मेसेज आल्यावर काही दिवसांत डिजिलॉकरमध्ये लायसन्स दिसायला लागलं. ते कायद्याने मूळ कार्डासारखंच चालतं, २०१८ पासून तसा नियम आहे. प्लास्टिकच्या कार्डाची वाट बघत गाडी उभी ठेवायचं कारण नाही. नवी मुदत मंजुरीच्या तारखेपासून पाच वर्षं, जुनं संपलं त्या फेब्रुवारीपासून नव्हे. मधले अकरा महिने कायमचे कोरेच राहतात.

पाच वर्षांत कुणी विचारणार नाही

कार्डावरची तारीख जानेवारी २०३१ ची आहे. मामा तेव्हा ७७ वर्षांचे असतील. मधल्या काळात डावा डोळा ढासळला, गुडघा आखडला, साखर वरखाली झाली, तरी कुठलं कार्यालय पत्र पाठवून विचारणार नाही. आजारपणामुळे लायसन्स काढून घेण्याचा अधिकार कलम १६ खाली प्राधिकाऱ्याला आहे, पण त्याला कळवणार कोण?

माझी मावशी, मामांची धाकटी बहीण, इंग्लंडात लेस्टरला असते. तिचं गेल्या वर्षी सत्तरीचं नूतनीकरण झालं. तिकडे सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी करावं लागतं, फी नाही, डॉक्टरचा कागदही नाही; सगळं स्वतःच्या जबाबदारीवर जाहीर करायचं, आणि नंबरप्लेट २० मीटरवरून वाचता यायला हवी. जपानात पंचाहत्तरीनंतर स्मरणशक्तीची चाचणीसुद्धा असते. आपली पद्धत या दोन्हींच्या मधली: डॉक्टर आहे, पण पाच वर्षांतून एकदा. मला विचाराल तर सत्तरीनंतर तीन वर्षं बरी. डॉक्टरकडून खरी तपासणी होणार असेल तरच, हेही खरं. नाहीतर पाचाऐवजी तीन वर्षांनी ओळ मारली जाईल, एवढाच फरक.

घरात म्हणून काही गोष्टी ठरल्या, आणि त्या ठरवताना भांडण झालं. स्प्लेंडर बंद. लायसन्सवरचा मोटरसायकलचा वर्ग परत करता येतो, पोर्टलवर तशी सेवा आहे. मामांनी ते केलं नाही. "कागदावर राहू दे, चालवत नाही" यावर तडजोड झाली आणि गाडी मामेभावाच्या मुलाने पुण्याला नेली. ऊसतोडीचा हंगाम चालू असताना अंधार पडण्याआधी घरी. हे मामांना पटलं नव्हतं, मामींनी मार्चातल्या ट्रॉलीची आठवण पुन्हा काढल्यावर त्यांनी विषय सोडला. हायवेला एकट्याने जायचं नाही, यावर अजून एकमत नाही. त्यांचं म्हणणं, चौपदरी रस्ता गावातल्या रस्त्यापेक्षा सोपा. दिवसा तरी ते बरोबर आहे असं मला वाटतं, पण मामेभावासमोर मी तसं म्हटलेलं नाही.

पॉलिसी मी रिन्यू झालेल्या लायसन्सवर मालक-चालकाच्या विम्यासकट काढून दिली. लायसन्स संपण्याची तारीख माझ्या रजिस्टरमध्ये प्रत्येक साठीपुढच्या गिऱ्हाइकाच्या पॉलिसीशेजारी लिहायला घेतली आहे. गाडीचा विमा दर वर्षी येतो, त्या वेळी तारीख समोर असते. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन डॉक्टर म्हणतात वर्षभरात करावं लागेल. त्यासाठी आरटीओला काही कळवावं लागत नाही. थेंब चालू असतील तेवढे दिवस किल्ली मामेभावाकडे राहील, हे मामांनी आपणहून मान्य केलं आहे, फक्त त्या वेळी कांद्याची काढणी नको एवढी त्यांची अट आहे.